तीर्थपुरीचा आदर्श सायकलस्वार

तीर्थपुरी,
२१ डिसेंबर १९९५

ती. अक्का,

साष्टांग नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत आणि मी तर फारच बरा आहे. कारण ऐकून तुलाही आनंद होईल. तीर्थपुरी परिसर रस्ता सुरक्षा समितीच्या अध्यक्षपदी तुझ्या धाकट्या भावाची एकमताने निवड झाली आहे. रामराव थोडे आडवे आले होते, पण त्यांना उपाध्यक्ष केल्यावर तेही माझ्याच मताचे निघाले.

एक जानेवारीपासून सुरक्षा सप्ताह आहे. शाळेतल्या पोरांना रांगेत उभं करून काही उपयोग नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. रस्त्यावर गोंधळ घालतात ते बाप्ये. म्हणून आपण ट्रॅक्टरवाले, मोटारसायकलवाले आणि दूध घालणारे सायकलवाले यांनाच धरणार आहोत. आपल्याकडचा सायकलवाला मनाला येईल त्या बाजूने जातो, आणि विचारलं तर म्हणतो की सावली तिकडं आहे. अशा लोकांना शिस्त लावायची आहे.

तू जालन्यात आहेस, तर दाजींना सांगून एक कापडी फलक रंगवून घे. ‘नियम पाळा, जीव सांभाळा’ ही ओळ मला स्वतःला सुचली. खाली अध्यक्षांचं नाव ओळीपेक्षा थोडं मोठं असावं. शिवाय सायकलीच्या मागे चिकटवायचे लाल रेडियम आणि पोतंभर हेल्मेट पाठव. पाहुण्यांना नारळाऐवजी हेल्मेट द्यायची, ही कल्पनाही माझीच.

उद्घाटनाच्या फेरीत मी स्वतः जीप चालवणार आहे. तू यायलाच पाहिजे.

तुझा,
काकासाहेब


नवीन जालना,
२६ डिसेंबर १९९५

चि. काकासाहेब,

आशीर्वाद. अध्यक्ष झालास म्हणून त्यात वाढ केलेली नाही, नेहमीचेच आहेत.

फलक झाला. पेंटरने तुझं नाव रंगवता रंगवता विचारलं, “बाई, हे कोन्त्या निवडणुकीला उभे राह्यले?” मी म्हटलं, अजून खुर्चीत बसायचेच आहेत, उभं राहणं पुढे. हेल्मेटचं पोतं आणि रेडियम शनिवारच्या एसटीच्या टपावर टाकून देतील. हे कंडक्टरला सांगायला गेले, तर तो म्हणाला की एवढी डोकी एकदम कुठं चालली.

आता खरं विचारते. दिवाळीत तू जुनी जीप घेतलीस. लायसन एजंटाने घरपोच आणून दिलं, तू नुसता फोटो दिलास. म्हणजे गाडी चालवायची परीक्षा तुझ्या फोटोने दिली, आणि पास झाला तोही फोटोच. भाऊबीजेला तू मला मंठ्याच्या रस्त्याने फिरवून आणलंस. मी डोळे मिटून देवाचं नाव घेत होते, आणि घरी येऊन तू सगळ्यांना सांगितलंस की अक्काला गार वाऱ्यात झोप लागली.

लोकांना शिकवण्याआधी आठवडाभर तू शीक. मोकळ्या वावरात, ढोरं बांधून ठेवून. हे हसण्यावारी नेऊ नकोस. मला खरोखर भीती वाटते.

यांच्या ऑफिसात बियाण्याच्या गाड्या लागल्या आहेत, म्हणून येणं जमत नाही.

तुझी,
अक्का


तीर्थपुरी,
३ जानेवारी १९९६

ती. अक्का,

नमस्कार. तू आली नाहीस, फार मोठ्या सोहळ्याला मुकलीस. चौकात मांडव होता. मला गुलाबी फेटा बांधला, तो बांधायला खास माणूस आणला होता. फोटोत मी इतरांपेक्षा हातभर उंच दिसतो.

व्याख्यान मीच दिलं. सगळ्या सायकलवाल्यांना उभं करून डावा हात वर करायला लावला. निम्म्यांनी उजवा केला. मग मी सांगितलं, ज्या हातात घड्याळ बांधतात तो डावा. ते म्हणाले, घड्याळ न्हाई. शेवटी मी एकेकाचा हात धरून दाखवला आणि बजावलं की आजपासून सगळ्यांनी डाव्या बाजूनेच चालायचं, बिलकुल भिण्याचं कारण नाही. माझ्या हाताने त्यांच्या सायकलींना रेडियम लावलं. लोक भारावून गेले होते.

हेल्मेटचंही मोठं कौतुक झालं. अण्णासाहेबांनी आपलं हेल्मेट शोकेसमध्ये पितळी गणपतीशेजारी ठेवलं आहे. रामरावांनी आपलं त्याच संध्याकाळी मुलीच्या सासऱ्यांना आहेर केलं. झुंबरबाईंनी मात्र त्यात खुडूक कोंबडी बसवली, याबद्दल समितीने नाराजी व्यक्त केली आहे.

सायंकाळी परतताना एक किरकोळ घटना घडली. आपली जीप वस्तीकडच्या रस्त्याने येत असता सांडू नावाचा एक दूधवाला सायकलसह मध्ये आला. त्याच्या पायाला थोडं लागलं. लगेच त्याला जालन्याला पाठवलं आहे. बाकी सप्ताह उत्साहात चालू आहे.

तुझा,
काकासाहेब


नवीन जालना,
७ जानेवारी १९९६

काकासाहेब,

तुझ्या पत्रात ‘आपली जीप येत असता’ असं आहे. ती एकटीच येत होती काय? तिला घरचा रस्ता पाठ आहे काय?

मी सरकारी दवाखान्यात जाऊन आले. ‘थोडं लागलं’ म्हणजे काय, ते डोळ्यांनी पाहिलं. सांडूच्या नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलंय. मांडीपर्यंत प्लास्टर आहे. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण पाय पहिल्यासारखा होईल असं सांगता येत नाही. हा माणूस रोज वस्तीवरचं दूध सायकलवर टाकून डेअरीत नेतो. घरात दुसरं कमावणारं कोणी नाही. पाय गेला तर त्याच्याबरोबर चूलही गेली.

त्याची बायको सुगंधाबाई उशाशी बसली होती. सायकलवर मागं तीच होती. उडून नालीतल्या गवतात पडली म्हणून वाचली. ती म्हणाली, “बाई, आमी कडंकडंनं चाललो व्हतो. मागून जीप आली. सायेबच चालवून राह्यले व्हते. म्या गुलाबी फेटा बघितला ना.” मी तुझी बहीण आहे हे माहीत नसताना ती हे बोलली. मग मी सांगितलं. तर तिने पदर सावरला आणि मला बसायला स्टूल दिलं. मला इतकी लाज आजवर वाटली नव्हती.

सांडू मात्र एकच धरून बसलाय, “चूक माझीच हाय.” तुमच्यापैकी कोणी येऊन त्याला धमकावून गेलं का? पोलिसांनी अजून त्याचा जबाब घेतलेला नाही. त्याआधी तू स्वतः ठाण्यात जा आणि जे झालं ते सांग.

अक्का


तीर्थपुरी,
११ जानेवारी १९९६

ती. अक्कास,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. भाऊ एवढ्या उंचीवर पोचला आणि बहीण खालून पाय ओढते.

धमकी कोणी दिलेली नाही. मी गाडी चालवत होतो की कोण, हा मुद्दाच नाही. मुद्दा हा आहे की सुरक्षा समितीच्या अध्यक्षाच्या जीपने सायकलवाला उडवला, असं उद्या पेपरात आलं तर लोकांचा सुरक्षेवरचा विश्वासच उडेल. मी व्यापक हिताचा विचार करतो.

समितीने यातून सन्मानाचा मार्ग काढला आहे. सप्ताह सव्वीस जानेवारीपर्यंत वाढवला. त्या दिवशी झेंडावंदनानंतर सांडूला ‘आदर्श सायकलस्वार’ हा पुरस्कार द्यायचा. शाल, नारळ, हेल्मेट, सगळं रीतीप्रमाणे. त्याने फक्त माईकवर दोन शब्द बोलायचे की चूक माझी होती, माझ्यापासून धडा घ्या. नंतर तोच जबाब फौजदारांपुढे द्यायचा. त्याचाही मान राहील, आपलाही राहील. गावात भावकीची मोठमोठी भांडणं शालीवर मिटलेली मी पाहिली आहेत, मग पायाचं का मिटू नये? रामराव तर म्हणाले, “एवढा सत्कार व्हनार असंल तर माझा बी पाय मोडा.”

दवाखान्याचा खर्चा मात्र, चूक त्याची ठरल्यावर, आपण देणं बरोबर दिसणार नाही. उगाच संशय येतो.

ती दोघं तुझं ऐकतात. तेवढं त्यांना समजावून सांग.

काकासाहेब


नवीन जालना,
१६ जानेवारी १९९६

काकासाहेब,

सोबत तिळगूळ पाठवते. तो खाऊन गोड बोलायची तुला गरज नाही, तू आधीच फार गोड बोलतोस. खरं बोलायला काय खायला द्यावं, ते मला माहीत नाही.

तुझा निरोप मी त्यांना सांगणार नव्हते. पण काल मी दवाखान्यात असताना तुमचे रामराव फळांची पिशवी घेऊन स्वतःच आले. केळी सांडूच्या उशाशी ठेवली आणि गप्पा मारता मारता अर्धी स्वतः खाल्ली. पुरस्काराचं ऐकून सुगंधाबाई म्हणाली, “शालीनं पाय जुळतो का हो?” सांडूने तिला गप्प केलं आणि म्हणाला, “बोलतो की. चूक माझी हाय, सायबांना सांगा, मी समद्यांम्होरं बराबर सांगतो.”

मला सांडूचाच राग आला. एवढी गरिबी, एवढं दुखणं, आणि वर ही लाचारी. मी त्याला म्हटलं, “अरे, मागून गाडी आली, यात तुझी कसली चूक?” तर नुसता हसला. म्हणाला, “तुमाला न्हाई कळनार, बाई.” माणूस किती दबला की असा हसायला लागतो, या विचाराने मला घरी येऊन जेवण गेलं नाही.

उद्या त्याला घरी सोडतील. तू जिंकलास. सव्वीस तारखेला मला बोलावू नकोस. लहानपणी तू चिंचा चोरायचास आणि मार मी खायचे. तेव्हा मला तुझी दया यायची, आता येत नाही.

अक्का


तीर्थपुरी,
२८ जानेवारी १९९६

ती. अक्का,

मी फसलो. आता तुझ्याशिवाय कोणाला लिहू?

कार्यक्रम भरगच्च झाला. फौजदार साहेब प्रमुख पाहुणे. सांडूला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणून खुर्चीवर बसवलं. मी शाल घातली, टाळ्या झाल्या. डोक्यावर हेल्मेट चढवलं, ते थोडं तिरकं बसलं. मग माईक त्याच्या हातात दिला. त्याचं बोलणं जसंच्या तसं लिहितो, कारण ते माझ्या डोक्यातून जात नाही.

“मंडळी, सायबांनी मला माझी चूक सांगायला बलावलंय. तर चूक माझीच हाय. इतकी वर्सं मी उजव्या अंगानं जात आल्तो. म्होरून काय येऊन राह्यलं ते दिसायचं. ट्रॅक्टर दिसला की जल्दी नालीत उतरायचो. एक तारखेला सायबांनी माझा हात धरून सांगितलं, डाव्या बाजूनं चाल, बिलकुल भिऊ नको. मी बराबर ऐकलं. त्याच दिशी सांजच्याला डाव्या बाजूनं चाललो, अन् मागून सायबांची जीप आली. आता मागं तर मला डोळे न्हाईत. सायबांचं ऐकलं, हीच माझी चूक. मी पुन्ना करनार न्हाई. तुमी बी करू नका.”

अक्का, तो टोमणा मारत नव्हता. हात जोडून, अगदी मनापासून बोलत होता. मग मागून कोणी तरी हसलं आणि सगळ्या मांडवात हशा फुटला. सगळ्यांत मोठी टाळी रामरावांची. फौजदार माझ्याकडे वळून म्हणाले, “अध्यक्ष, जीप तुम्ही चालवत होता?” मी म्हणालो, राष्ट्रगीताची वेळ झाली.

आता हाल असे की कालपासून गावातले एकूण एक सायकलवाले उजव्या बाजूने चालले आहेत. मी दिसलो की मुद्दाम घंटी वाजवतात. फौजदारांनी दोनदा निरोप पाठवला. मी ताप आल्याचं कळवलं आहे. काय करू?

काकासाहेब


नवीन जालना,
१ फेब्रुवारी १९९६

काकासाहेब,

पत्र वाचून मी आधी हसले आणि मग रडले. सांडू दबला आहे असं मी समजत होते. तो खरंच तसं मानत होता. तुझ्यावर एवढा विश्वास घरातल्या कोणी ठेवला नाही. त्याने ठेवला आणि त्याचा पाय मोडला.

आणि आता दुसरं ऐक. नियम खरा होता. डाव्या बाजूनेच चालायचं असतं. तो तू सांगितलास म्हणून खोटा ठरला. गाव उजव्या बाजूने चाललंय, यावर तुम्ही हसत असाल, पण उसाच्या ट्रॉल्या समोरून येतात. दुसरा कोणी त्यांच्याखाली जायच्या आत लोकांना सांग की चूक बाजूची नव्हती, चालवणाऱ्याची होती. हे तुझ्याशिवाय दुसऱ्याच्या तोंडून कोणाला पटणार नाही.

ताप उतरला असेल तर ठाण्यात जा. नसेल तर तापात जा. आणि चालत जा. जीपला हात लावू नकोस.

अक्का


तीर्थपुरी,
९ फेब्रुवारी १९९६

ती. अक्कास, साष्टांग नमस्कार.

तुझी आज्ञा पाळली. ठाण्यात जाऊन लेखी जबाब दिला. जीप मीच चालवत होतो. लोक रामराम घालत होते, मी मान वाकवून घेत होतो, तेवढ्यात फेटा डोळ्यांवर आला. ब्रेक समजून दुसऱ्याच कशावर तरी पाय दिला. सायकल तिच्या बाजूने नीट चालली होती, हेही लिहून दिलं. माझ्यावर केस झाली आहे. लायसन जमा केलं. दवाखान्याचा सगळा खर्चा मी देणार, एवढंच सुगंधाबाईला घरी जाऊन सांगितलं, सांडू आत झोपला होता. तिने ऐकून घेतलं, चहा काही विचारला नाही.

मन हलकं झालं, अक्का. आणि खरेपणाला किंमत असते, याचा अनुभव लगेच आला. अध्यक्षाने स्वतःहून गुन्हा कबूल केल्याचं जिल्ह्यात दुसरं उदाहरण नाही, असं समितीचं मत पडलं. त्यामुळे येत्या अठरा तारखेला माझ्या प्रामाणिकपणाबद्दल माझा जाहीर सत्कार ठरला आहे. मानपत्र अण्णासाहेब वाचणार. फेटा बांधावा की नाही, यावर मात्र बैठकीत दोन तट पडले. बाजूचं जे सांगायचं ते मी सत्काराला उत्तर देताना सांगेन.

या वेळी तरी ये.

तुझा,
काकासाहेब


नवीन जालना,
१४ फेब्रुवारी १९९६

काकासाहेब,

ठाण्यात गेलास, याबद्दल आशीर्वाद. या वेळी थोडे वाढवून.

काल सांडूचं प्लास्टर काढलं. दोघं माझ्याकडेच उतरली आहेत. पाय वाकडा जुळलाय आणि बोटभर आखूड झालाय. सायकलचं पायडल त्याला आता मारता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तो कुबड्या घेऊन माझ्या ओसरीवर दोनदा पडला. मी बघत होते, मला उचलायलाही सुचलं नाही.

रात्री जेवताना मी त्याला बरं वाटावं म्हणून तुझ्या जबाबाचं सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

“मंग चूक माझी नव्हती?”

“नव्हती रे. तू बरोबर बाजूनं चालला होतास.”

“म्हंजी मी एवढ्या लोकांम्होरं खोटं बोललो. माझं ऐकून समदं गाव उलट्या अंगानं चालून राह्यलं.”

मी पुष्कळ समजावलं. त्याने पान बाजूला सारलं ते सारलंच. आज सकाळपासून त्याचं एकच चाललंय. अठरा तारखेला सगळं गाव तुझ्या सत्काराला जमणार आहे, तर तिथेच माईकवर जाऊन त्याला गावाची माफी मागायची आहे. सुगंधाबाई भाकरी थापता थापता म्हणाली, “ज्यानं मोडला त्याला हार, अन् ज्याचा मोडला त्यो माफी मागाया चालला.”

आम्ही तिघं अठराच्या सकाळच्या एसटीने येतो. त्याला चौकातून मांडवापर्यंत कुबड्यांवर यायला वेळ लागेल. तो पोचायच्या आत तुझं मानपत्र वाचून व्हायचंय की तुझं माफी मागून व्हायचंय, तेवढं ठरव.

अक्का